साडेचारचा चहा

"बुधवारी नवीन विद्यार्थी येतायत. दहा मिनिटं तुम्ही बोला त्यांच्याशी," सर म्हणाले, तेही जिन्यात, वर जाता जाता.

"मी? काय बोलू, सर?"

"प्रॅक्टिकल काहीतरी. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात काय करावं, काय करू नये. तत्त्वज्ञान सांगायला मी आहेच." दोन पायऱ्या चढून ते थांबले. "बाकीचे फील्डवर निघालेत. आपल्या उंटाला प्रबंधातून मान वर काढायला फुरसत नाही. राहिलात तुम्ही."

राहिलात तुम्ही. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर एखादं ताट उरावं, तशी ती कठड्याला धरून उभी राहिली. सर काही टोचून बोलले नव्हते. जे होतं तेच बोलले होते, आणि म्हणूनच ते आत कुठेतरी रुतून बसलं.

तिला लॅबमध्ये येऊन अकरा महिने झाले होते. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, भिंतीला टेकवलेली सहा टेबलं, कोपऱ्यात फ्रीजसारखा दिसणारा पण उबदार असलेला इनक्युबेटर, आणि खिडकीत कोणाचीच नसलेली एक कुंडी. तिचा विषय होता रस्त्याकडेला, भिंतीच्या फटीत, कुठेही उगवणारं एक तण. त्याचं बी इतकं बारीक, की मोजताना शिंक आली तर आठवडा वाया. त्या बीला उगवायला उजेड किती लागतो, हे तिला शोधायचं होतं. लग्नाआधी एम.एस्सी.ला पहिली आलेली बाई गवतामागे का लागली, हे सासूबाईंना एकदा नीट समजावून सांगायला ती बसली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे गवत का उगवतं ते? अगं, त्याला पीएच.डी. कशाला? नको म्हटलं की उगवतं!"

लॅबमधली पाच-सहा पोरं तिच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान. आपापसात सगळे अरे-तुरे, पाठीत धपाटे, एकमेकांच्या डब्यात हात. तिला मात्र पहिल्या दिवसापासून 'वहिनी'. कोणाची वहिनी, तर कोणाचीच नाही. लग्न झालेली, मूल असलेली, म्हणून वहिनी. "वहिनी, तुम्ही बसा, मी उचलतो." "वहिनी, तुम्ही निघा, बिट्टी वाट बघत असेल." इतक्या अदबीने बोलायचे, की त्या अदबीला कडी लावलेलं दार असावं असं तिला वाटायचं. सरसुद्धा बाकीच्यांना 'गाढवा' म्हणत आणि तिला 'तुम्ही'.

बिट्टी तिची लेक. अडीच वर्षांची. पाळणाघर पाचला बंद व्हायचं आणि तिथे पोचायला बसने वीस मिनिटं लागायची. म्हणून ती चार वीसला निघायची. साडेचारला लॅबचा चहा असायचा. इमारतीमागे पत्र्याचं छप्पर घातलेली टपरी, तीन बाकडी. अकरा महिन्यांत त्यातल्या एकाही बाकड्यावर ती बसली नव्हती. बसमधून ती टपरी क्षणभर दिसायची. कोणीतरी उभं राहून हातवारे करत काहीतरी सांगत असायचं, आणि बाकीचे हसून लोटपोट. मग वळण यायचं.

सकाळी बिट्टीला सोडल्यावरही तिचा पाय तिथून लवकर निघत नसे. पाळणाघराला रस्त्याकडे एक खिडकी होती, अर्ध्या पडद्याची. ती टाचा उंचावून त्यातून बघायची. बिट्टी तिला बघायची, आणि भोकाड पसरायची. पाळणाघरातल्या मावशी फटकळ होत्या. "ताई, एक सांगू? तुम्ही डोकावलात की ही रडते. नाही डोकावलात की खेळते. आता तुम्हीच ठरवा, तुम्हाला काय ऐकायचंय."

पण बघितल्याशिवाय तिला राहवतच नसे. बिट्टी झाली तेव्हापासूनची खोड. झोपलेल्या बाळाच्या नाकापुढे बोट धरून श्वास येतोय ना बघायचा. पाच मिनिटांनी पुन्हा. नवरा म्हणायचा, "अगं, ती झोपलीय, तिला झोपू दे की." नवरा आता लांबच्या शहरात नोकरीला होता, महिन्यातून एकदा यायचा. माणूस चांगला. त्याच्याशी ठरलं होतं ते असं: एक वर्ष बघायचं. वर्षाअखेरीस समितीपुढे काम मांडायचं, समितीने मान्य केलं तर नोंदणी पक्की होते. पक्की झाली तर तो इकडे बदली मागेल. नाही झाली, तर ती गाशा गुंडाळून तिकडे. भांडण नाही, तंटा नाही, दोघांनी मिळून ठरवलेलं. आणि ती समिती आता तीन आठवड्यांवर आली होती.

एरवी तिचा जीव टांगणीला लागला असता, पण यंदा तिच्या हातात काहीतरी होतं. त्या तणाच्या बिया अंधारात उगवत नाहीत असं सगळीकडे छापलेलं. तिच्या अंधाराच्या डिशमध्ये शंभरातल्या अडतीस उगवल्या होत्या. डिश म्हणजे काचेच्या छोट्या, झाकणाच्या ताटल्या, ओल्या कागदावर बिया पसरून वरून चंदेरी फॉइल गुंडाळलेल्या. आकडे दाखवले तेव्हा सरांनी पहिल्यांदाच समोरची खुर्ची पुढे केली. "अंधारातही उगवतं! बघा, पुस्तकं अशी खोटी पडतात." आणि एका परिषदेला गोषवारा पाठवलासुद्धा, तिचं नाव पहिलं घालून.

रविवारी दुपारी बिट्टी झोपली तशी ती वही घेऊन बसली. नवीन विद्यार्थ्यांसाठी चार शहाणपणाच्या गोष्टी. लिहिलं: ऑफिसातल्या क्लार्कशी गोड बोलावं, कारण पदवी विद्यापीठ देतं पण फॉर्म क्लार्क सरकवतो. लिहिलं: खुर्ची चांगली बघून पकडावी, पहिल्या आठवड्यात लाजलात तर पाच वर्षं पाठ दुखेल. आपला विषय एका वाक्यात सांगता यायला हवा, सासूबाईंनासुद्धा. वाचलेल्या प्रत्येक लेखाच्या दोन ओळी त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात, नाहीतर महिन्याने तो लेख परक्यासारखा बघतो. मग उठून बिट्टीचा श्वास बघून आली. परत येऊन वाचलं. खोटं काहीच नव्हतं, पण कुठल्याही भिंतीवर चिकटवता येईल असं होतं सगळं. काय करू नये, या बाजूला तर एकही ओळ नव्हती. काय करू नये ते तिला कोणी सांगितलंच कुठे होतं?

सोमवारी तिने उंटाला गाठलं. उंट म्हणजे लॅबमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात उंच विद्यार्थी. सहावं वर्ष चालू होतं, दाढी वाढलेली, प्रबंधाच्या कागदांच्या ढिगात बुडालेला.

"जरा मदत हवी होती. नवीन मुलांना काय करू नका म्हणून सांगू?"

"मला विचारताय वहिनी? सांगा, पीएच.डी. करू नका!" तो आपल्याच विनोदावर हसला. मग पेन कानामागे खोचत म्हणाला, "नाही, एक आहे. अंधाराची डिश उघडू नका. अख्ख्या लॅबला माहितीये, पण नवीन येणारा प्रत्येक जण एकदा तरी हेच शेण खातो."

"म्हणजे?"

"माझी गोष्ट नाही ऐकली? अहो, चहाला शंभरदा सांगून झालीय, पोरांची पाठ आहे. पहिल्या वर्षी माझ्या अंधारातल्या बिया उगवल्या. मी नाचतोय! वाटलं, आता पारितोषिकच. मग कळलं, रोज ओलावा बघायला मी फॉइल उघडत होतो. एका सेकंदाचा उजेड पुरतो त्या सटव्यांना. बस्स, जाग्या होतात. फॉइल लावून वर्षभर अंधार पोसला, आणि रोज सकाळी मीच त्याचं तोंड बघायला उघडत होतो! उघडायचंच असेल तर खोली बंद करून, मिणमिणत्या हिरव्या दिव्यात. नाहीतर शेवटच्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही." त्याचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"नाही, ठीक आहे. छान आहे गोष्ट," ती म्हणाली.

आपल्या टेबलापर्यंतची सहा पावलं ती कशी चालली, तिला कळलं नाही. कागद वाळला तर? बुरशी लागली तर? आत सगळं ठीक आहे ना? अकरा महिने ती रोज फॉइलचा कोपरा उचलून बघत होती. खोलीतल्या लख्ख ट्यूबखाली. फॉइल लावलंय म्हणजे अंधारच झाला ना, असं धरून चालली होती. एक क्षण बघितलं तर काय होतंय?

इनक्युबेटरच्या दाराला दोरीने बांधलेली नोंदवही होती. जो दार उघडेल त्याने वेळ, नाव आणि शेरा लिहायचा, असा लॅबचा नियम. बाकीचे आठवड्यातून एकदा, तेही गिचमिड. तिने मात्र नियम पाळला होता. पानामागून पान तिचंच अक्षर. नऊ दहा, पाहिले, ठीक. अकरा, पाहिले, ठीक. बारा चाळीस, पाहिले, ठीक. दोन पाच. तीन. तीन पन्नास. चार पंधरा, निघण्यापूर्वी पाहिले, ठीक. दिवसाला सात वेळा. तिने अंधार ठेवलाच नव्हता. जागरण घातलं होतं त्या बियांना.

"भरत आली वाटतं वही?" मागून लॅबमधले दादा म्हणाले. दादा म्हणजे बाटल्या धुण्यापासून कुलपं लावण्यापर्यंत सगळं बघणारे, निवृत्तीला आलेले. "नवी आणून बांधतो उद्या. ही टाकतो माळ्यावर."

"माळ्यावर कोण वाचतं का, दादा?"

"वाळवी वाचते ना," दादा म्हणाले आणि बाटल्यांचा ट्रे घेऊन खळखळत निघून गेले.

म्हणजे कोणाला कधीच कळलं नसतं. उंट पंधरा दिवसांत प्रबंध देऊन जाणार. सर नोंदवही बघत नाहीत. वही माळ्यावर, वाळवीच्या पोटात. आणि खोटं तरी काय होतं त्यात? आकडे खरे होते. अडतीस उगवल्या होत्या, तिने एकेक मोजल्या होत्या. फक्त त्या अंधारात उगवल्या नव्हत्या, एवढंच.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. कधी नव्हे ते डब्याच्या वेळेला. "इथं जवळच एक पाळणाघर बघून आलो. सहज. गरज पडली तर असावं."

"गरज पडली तर म्हणजे?"

"अगं, नाही झाली नोंदणी तर नाही. आभाळ कोसळत नाही. इथं आपण तिघं एकत्र तरी असू."

त्याने ते मायेनेच म्हटलं होतं. तिला सांगावंसं वाटलं, की आभाळ आज सकाळी साडेदहालाच कोसळलं, आणि मी त्याखाली बसून डबा खातेय. पण त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग काय, ये इकडे. उंटाला सांगितलं असतं तर चहाला आणखी एक गोष्ट झाली असती. आईला सांगितलं असतं तर ती रडली असती. "बिट्टीला सर्दी आहे थोडी," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. पोळीचा घास तसाच हातात राहिला होता.

रात्र कशीबशी गेली. सकाळी पाळणाघराच्या खिडकीशी ती थांबली, टाचा उंचावल्या आणि तशीच खाली आली. मागे न बघता बस पकडली. नोंदवहीची दोरी सोडली आणि वही घेऊन सरांच्या खोलीत गेली. दादा नवी वही घेऊन आले तेव्हा दाराला नुसती दोरी लोंबत होती.

"सर, ते अंधारात उगवलेलं नाही."

सर चष्म्यावरून बघत राहिले. "बसा."

"उभीच बरी आहे, सर." बसली तर बोलवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "हे माझं अक्षर आहे. प्रत्येक वेळी मी फॉइल उघडून बघितलंय."

त्यांनी एक पान वाचलं. उलटलं. आणखी एक. "रोज?"

"रोज. सहा-सात वेळा."

"कशासाठी?"

"ठीक आहे ना, बघायला."

"ठीक आहे ना बघायला!" सरांचा आवाज एकदम चढला. "अगं गाढवा, तुला डोकं आहे की नाही? अंधाराचा प्रयोग करतेस आणि दिवसातून सात वेळा उघडून बघतेस? मी तिकडे गोषवारा पाठवून बसलो! लोकांना सांगत सुटलो! कोणी सांगितलं नाही तुला की अंधाराची डिश उघडायची नसते?"

"नाही."

"मी नाही सांगितलं?"

"नाही, सर."

चष्मा काढून सरांनी शर्टाच्या टोकाने पुसला, आणि तो स्वच्छ झाल्यावरही पुसतच राहिले. "मला वाटलं, हे सगळ्यांना माहीतच असतं," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

"चहाला जाणाऱ्यांना असतं," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण सर रागावले नाहीत.

"समिती कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यानंतरच्या शुक्रवारी. सतरा दिवस."

"चौदा दिवसांत बी उगवतं." सरांनी पाठकोऱ्या कागदावर दहा गोळे काढले. "दहा डिश. प्रत्येकीत पन्नास बिया. यातल्या पाच रोज तशाच उघडायच्या, जशा उघडत होतीस. सात वेळा, लिहून. उरलेल्या पाच डब्यात बंद. मेल्या, वाळल्या, बुरशी लागली, काही झालं तरी चौदाव्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. लावलास, तर पुन्हा करायला दिवस नाहीत. परिषदेचा गोषवारा मी मागे घेतो, ते माझं काम. आणि समितीला सगळं सांगायचं, या वहीसकट."

"समिती नोंदणी थांबवेल, सर?"

"थांबवू शकते. रिकाम्या हाताने गेलीस तर थांबवेलच." मग कागद तिच्याकडे सरकवत, "जा आता. बिया भिजत घाल."

जिना उतरताना, मध्यावर, तिच्या लक्षात आलं की सर तिला गाढव म्हणाले. पार अरे-तुरेवर येऊन. तिथेच पायरीवर बसून ती थोडा वेळ रडली. ते नक्की कशाचं रडू होतं, हे तिने त्या वेळी तपासलं नाही.

बुधवारी सभागृहात अकरा जण होते. हातात कोऱ्या वह्या, चेहऱ्यावर लग्नघरात चुकून शिरलेल्यांचा भाव. पुढच्या रांगेत एक जण इतरांपेक्षा बराच मोठा, केस मागे सरकलेले, इस्त्रीचा शर्ट. बँकेतली नोकरी सोडून आला होता म्हणे. सकाळपासून सगळ्यांनी त्याला 'काका' करून टाकलं होतं.

तिने क्लार्कचं सांगितलं, हसले. खुर्चीचं सांगितलं, दोघांनी लिहून घेतलं. मग कागद बाजूला ठेवून ती म्हणाली, "आणि तुमच्या लॅबचा जो काही चहा असेल, त्याला जा. रोज नाही जमलं तर आठवड्यातून एकदा. कामाच्या गोष्टी पुस्तकात अर्ध्याच असतात. उरलेल्या कोणीतरी चहा पिताना चेष्टेत सांगून टाकतं, आणि ज्याने ऐकलं नाही त्याला वाटतं, हे जगात कोणालाच माहीत नाही."

सगळे हसले. त्यांना वाटलं, हाही विनोदच. मागून कोणीतरी म्हणालं, "हे मात्र नक्की पाळू, मॅडम!" आणि टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या काकांनी मात्र खाली मान घालून ते वहीत लिहून घेतलं, नीट, ओळीत. ती स्वतः त्या दिवशीही चार वीसलाच निघाली.

पुढचे चौदा दिवस लांबत गेले. पाच डिश तिने फॉइलमध्ये, फॉइल काळ्या कापडात, आणि कापड पत्र्याच्या डब्यात घातलं. डब्याला चिकटपट्टी, पट्टीवर आडवी सही. दादा बघून म्हणाले, "बॉम्ब आहे का आत? सांगा, म्हणजे मी रजा टाकतो."

उघड्या पाच डिशचं सोपं होतं. नऊ दहा, पाहिले. चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरे कोंब दिसायला लागले, केसाएवढे. पण डोळे वारंवार त्या डब्याकडे जायचे. आत कागद वाळला असेल का? पाणी जास्त तर नाही झालं? एकदा तर चिकटपट्टीचं टोक तिने नखाने उचललंही, आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. मग नुसतं इनक्युबेटरच्या दारावर तळवा ठेवून उभी राहायची. ताप बघावा तशी. दार कोमट लागायचं. त्यातून काहीच कळायचं नाही.

लॅब त्या दिवसांत जवळजवळ रिकामी झाली. पोरं फील्डवर गेली होती. उंटाने प्रबंध दिला, पेढा देऊन जावं तसा हसून निरोप घेतला. "येतो वहिनी. बिट्टीला पापा द्या," म्हणाला, आणि त्याच्या टेबलावरचा ढीग गेल्यावर तिथली भिंत तिने पहिल्यांदा बघितली. आता पूर्ण खोलीत ती, इनक्युबेटरचा गुणगुणाट आणि कोणाचीच नसलेली ती कुंडी. आपण हिला कधी पाणी घातलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. घातलं.

पाळणाघराच्या खिडकीतूनही ती डोकावेनाशी झाली होती. ठरवून नाही. एकीकडे मन आवरायचं म्हणजे दुसरीकडे तरी सैल सोडावं, पण तसं होत नव्हतं. मावशींच्या नजरेतून ते सुटलं नाही. "काय ताई, हल्ली खिडकीशी भांडण झालंय का?"

चौदाव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी तीनला तिने डबा उघडला. आधी उघड्या पाच मोजल्या, मुद्दाम. अडीचशेत सत्त्याण्णव. मग चिकटपट्टी कापली, कापड सोडलं, फॉइल उलगडलं. पहिल्या डिशमध्ये ओला कागद, आणि त्यावर पन्नास बारीक काळे ठिपके, जसे टाकले होते तसेच. दुसऱ्या डिशमध्ये एक कोंब. तिसरीत काही नाही. चौथीत दोन. पाचवी तिने भिंग लावून दोनदा मोजली. काही नाही.

अडीचशेत तीन.

काहीही न उगवल्याचा इतका आनंद जगात आणखी कोणाला झाला असेल, असं तिला वाटलं नाही. ती मागे वळली, कोणालातरी सांगायला. सहा टेबलं रिकामी होती.

सरांना फोन लावला. ते बाहेरगावी होते, मागे भोंगे वाजत होते. "तीन आणि सत्त्याण्णव? छान. फारच छान. म्हणजे क्षणभराचा उजेडसुद्धा पुरतो, आणि ते तुमच्या वहीनेच सिद्ध केलं. नोंदणी अडवायला आता त्यांच्याकडे कारण नाही. शुक्रवारी शांतपणे मांडा." सर पुन्हा 'तुम्ही'वर आले होते. फोन ठेवल्यावर नवऱ्याला लावला. तो मीटिंगमध्ये होता. 'झालं', एवढाच निरोप तिने पाठवला. तो 'काय झालं' म्हणून विचारेल, की बिट्टीचंच काही समजेल, हे पाठवल्यावर सुचलं.

चार पंधरा झाले होते. तिने नव्या वहीत वेळ लिहिली, सही केली, शेऱ्याच्या रकान्यात 'तीन' लिहिलं, आणि पाळणाघरात फोन केला. "मावशी, आज थोडा उशीर चालेल? सव्वापाच?"

"चालेल की. पण रोजची सवय नको," मावशी म्हणाल्या.

साडेचारला ती टपरीवर पोचली. तिन्ही बाकडी रिकामी. टपरीवाला पेपरावर हात टेकून पेंगत होता. अकरा महिने बसच्या खिडकीतून दिसणारी ती गर्दी, ते हातवारे, ते हसणं, सगळं फील्डवर गेलेलं किंवा प्रबंध देऊन गेलेलं. तिला स्वतःचंच हसू आलं. लग्नाला जावं आणि मांडव उतरवत असावेत, तसं. तिने एक चहा सांगितला आणि मधल्या बाकड्याच्या टोकाला बसली. बाकडं एका पायाने लंगडं होतं. हे एवढ्या लांबून कधी कळलं नसतं.

"इथं बसलं तर चालेल का, मॅडम?"

बँकेतले काका होते. हातात वही, शर्ट आजही इस्त्रीचा. "तुम्ही सांगितलं होतं चहाला जा म्हणून. चार दिवस येतोय. कोणीच नसतं."

"सगळे फील्डवर आहेत," ती म्हणाली. "बसा. जरा इकडे सरका, ते टोक उलटतं."

ते बसले. चहा आला. दोघंही आपापल्या ग्लासाकडे बघत बसले. लांबून तिची रोजची बस आली, थांबली, निघून गेली. तिच्या खिडकीतून कोणी इकडे बघितलं असतं, तर त्याला दोन अनोळखी माणसं गप्प बसलेली दिसली असती.

"काम कशावर आहे तुमचं?" तिने विचारलं.

"अजून तसं ठरायचंय. सर म्हणतायत बियांवरच. अंधारातल्या." त्यांनी वही उघडली. "मी वाचतोय खूप, पण वाचून काही... म्हणजे, कोणाला विचारावं तेच कळत नाही. हे सगळे मला काका म्हणतात."

"मला वहिनी म्हणतात," ती म्हणाली. मग ग्लास खाली ठेवला. "ती वही मिटा. हे लिहून घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचं. अंधाराची डिश उघडायची नाही. का, ते सांगते. एक बाई होती."

तिने सांगितलं. नऊ दहा, पाहिले, ठीक, इथपासून. दादा वाळवीबद्दल बोलले ते सांगितलं, सर गाढव म्हणाले ते सांगितलं. चिकटपट्टीचं टोक उचलल्याचंही सांगितलं, जे तिने वहीत लिहिलं नव्हतं. काका आधी गंभीरपणे ऐकत होते. दिवसातून सात वेळा म्हटल्यावर ते एकदम, न राहवून, खो खो हसले, आणि लगेच "सॉरी" म्हणाले.

"हसा," ती म्हणाली. "हसायचीच गोष्ट आहे."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. ती उठली. काका एकटेच बाकड्याच्या मधोमध सरकून बसले.

पाळणाघराशी ती सव्वापाचच्या आधीच पोचली. आतून कसलासा धबधब आवाज येत होता, ठोकळे पडल्यासारखा, आणि मग हसणं. बिट्टीचंच. खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता. टाचा उंचावल्या असत्या तर दिसलं असतं. ती भिंतीला पाठ लावून, पर्स छातीशी धरून उभी राहिली. रडण्याचा आवाज येत नव्हता. याचं बरं वाटावं की वाईट, हे तिला ठरवता येईना. सव्वापाच व्हायला अजून चार मिनिटं होती. ती तिथेच थांबली.